वेलिकाने मिरच्या धुतल्या

नदीकाठची पायवाट बंद करायचं घाटत होतं, आणि वेलिका नगरपालिकेच्या उद्यान खात्याची नुकतीच प्रमुख झाली होती. पेढे वाटायलाही सवड मिळाली नाही बिचारीला. ताबाना वस्तीतल्या बायका शिवणाच्या कारखान्यात याच वाटेने जायच्या, आणि उन्हाळ्यात तिथे पर्सा हिसकावण्याचा नुसता सपाटा सुरू झाला. झिवका नावाच्या पोरीला तर चोरट्याने झुडपात ढकललं. तेव्हापासून ती ट्रकांच्या हमरस्त्याने जीव मुठीत धरून चालायची.

"कुंपण घालू, कुलूप लावू, कटकट मिटली," उपनगराध्यक्ष ब्लाझे म्हणाला.

"आणि बायका ट्रकखाली आल्या की?"

"ते रस्ते खात्याचं."

वेलिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडून तिने नोव्हेंबरातल्या संत दिमित्रीच्या सणापर्यंत मुदत मिळवली आणि कामाला लागली. दिवे होते, पण सगळा उजेड चेस्टनटच्या पानांतच अडकायचा, म्हणून खालच्या फांद्या उतरवल्या. झुडपं गुडघ्याएवढी छाटली. आंधळं वळण मोकळं केलं, मधेच रस्त्याकडे सुटायला वाट काढली. आता या टोकाहून त्या टोकापर्यंत लख्ख दिसायचं. पण बघणारं कुणी असेल तर ना! वाटेकडे सगळ्या घरांची पाठ. पुरुषभर उंच भिंती, आणि संसार सगळा आतल्या अंगणात.

वाटेवर नजर ठेवा म्हणून तिने दारोदार जाऊन विनवलं. त्रेनाआजीने तर वाटेकडचं मागचं दार खिळे ठोकूनच बंद केलं होतं.

"वाट नगरपालिकेची," आजी म्हणाली, "पगार तू घेतेस, राखण आम्ही करायची होय? तूच बस जा."

वेलिका त्या रात्री रडली. खरंच रडली.

सप्टेंबर उजाडला आणि वस्तीत आयवारची धांदल सुरू झाली. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या आणि हिवाळ्यासाठी शिजवून बरण्या भरायच्या. ज्याची त्याची चूल ज्याच्या त्याच्या भिंतीआड. तो धूर हुंगता हुंगता वेलिकाला युक्ती सुचली. शनिवारी तिने आपली पत्र्याची चूल नेली आणि पायवाटेवर, बरोबर त्रेनाआजीच्या भिंतीमागे मांडली. पोतंभर मिरच्या भाजल्या. मग वाटेवरचा नळ सोडला आणि गरम मिरच्या पाण्याखाली धरून सोलायला लागली.

भिंतीवर डोकं उगवलं.

"अगं ए भवाने! हे काय चाललंय?"

"सोलतेय, आजी. धुतल्या की साल कशी सुळकन निघते."

"धुतेस? भाजलेली मिरची धुतेस? आईने हेच शिकवलं का तुला?"

"चव काही जात नाही हो."

"चव जात नाही म्हणे! अगं, तुझ्या नवऱ्याची कीव येते मला!"

डोकं गायब झालं. मग आतून खिळे उपसल्याचा आवाज आला. किती गोड आवाज तो! दार कुरकुरत उघडलं आणि बाह्या सारून आजी बाहेर आली. वेलिकाला ढोपराने बाजूला सारून तिने नळ बंद केला. पाठोपाठ शेजारणी आल्या. आयवारात वांगं घालायचं की नाही यावरून त्यांची जी जुंपली, ती अंधार पडला तरी संपेना. पुढच्या शनिवारी त्या वाटेवर चुली मांडायला जागा पुरली नाही.

सणाच्या आधी ब्लाझे कुंपणाच्या खांबांचा ट्रक घेऊन आला. आजीने त्याच्या हातात लाकडी उलथनं दिलं.

"ढवळ. थांबलास तर खाली लागेल, आणि मग तुझी खैर नाही."

ब्लाझेने कोट काढला आणि मुकाट्याने ढवळलं. खांब आले तसे परत गेले. वेलिका इतकी हसली की धुराचं निमित्त करून तिला डोळे पुसावे लागले.

मिरच्यांचा हंगाम संपला तशी तिला पुन्हा धाकधूक लागली. ती वाटेवर गेली तर काय, आजीच्या भिंतीत नवीकोरी खिडकी!

"पुढच्या वर्षी तू पुन्हा धुशील," आजी म्हणाली, "लक्ष नको ठेवायला?"

एवढ्यात तिन्हीसांजेची झिवका दिसली. एकटीच, पर्स छातीशी घट्ट धरून.

"कुणाची गं तू?" खिडकीतून आवाज आला. एरवी या प्रश्नाला गावातल्या पोरी नाक मुरडतात.

झिवका दचकून थांबली. "किरो सुताराची. धाकटी."

"बरं, जा. पुढच्या खिडकीत लेन्का आहे."

झिवकाने पर्स खांद्यावर टाकली. पुढच्या भिंतीतली खिडकी उघडली, तशी कुणी विचारायच्या आधीच ती खणखणीत आवाजात म्हणाली, "किरो सुताराची!"