नव्या पाइपांना लावलेली माती

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात मी धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका शेठच्या मोटार कारखान्यात मिस्त्री होतो. वय सव्वीस. कानावर नुसता आवाज पडला तरी इंजिनाचा कुठला भाग झिजलाय ते सांगू शकतो, असा माझा लौकिक होता. त्या लौकिकाचा मला भारी गर्व होता. पुढे जे घडलं त्यात शेठचा दोष होताच, पण या गर्वाचाही होता. हे इतक्या उशिरा कळून काही फायदा नाही, तरी सांगतो.

शेठच्या उतारू नेणाऱ्या दोन सर्व्हिस मोटारी धुळे ते मालेगाव चालत. त्यातली एक फार जुनी. मूळची कुणा संस्थानिकाची लांबलचक उघडी गाडी होती. मागचा भाग कापून तिथे लाकडी बाकं ठोकली होती. ती चालवायला सोनगीरचे एक ड्रायव्हर होते. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, कुणबी घरातले, अंगाने उंच, बोलायला कमी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. चढावर गाडी दमली की ते तिच्याशी बैलाशी बोलावं तसं बोलत, आणि उतारू हसत.

लढाईमुळे मीठ मिळेनासं झालं, तेव्हा शेठने त्यातही हात घातला. धुळे स्टेशनवर उतरलेली मिठाची पोती तो याच मोटारीच्या तळाशी, बाकांच्या खाली भरून मालेगावच्या वाटेवरच्या बाजारांना पाठवू लागला. पावसाळ्यात पोती ओलावत, खारं पाणी फळ्यांच्या फटींतून गळत राही. खाली काय आहे हे कोण बघतो? खाली ब्रेकचे लोखंडी पाइप होते आणि टाकीपासून इंजिनापर्यंत गेलेला पेट्रोलचा पाइप होता.

थंडी सुरू झाली तेव्हा आबा गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "ब्रेकनं पेडल नरम लागस. जरा देख."

मी खाली शिरलो. पाइपांवर पांढरी खपली बसली होती. पेचकसाने ती खरवडली तर खपलीबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघून आले. मागच्या चाकाकडे जाणारा पाइप एका जागी घामेजल्यासारखा ओला होता. पेट्रोलच्या पाइपाचं गळकं भोक तर कुणीतरी आधीच साबण लावून बुजवलेलं. मी बाहेर आलो, हात पुसले आणि शेठकडे गेलो.

"शेठ, सगळे पाइप गेलेत. एक नाही, सगळे. ब्रेकचे आणि पेट्रोलचाही. बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये."

शेठ पानाला चुना लावत होता. "लढाई चाललीय, ठाऊक आहे ना? मुंबईलासुद्धा पाइप मिळत नाही. जिथे गळतंय तेवढा तुकडा काप, तांब्याचा तुकडा घाल आणि डाग देऊन जोड."

"तांबं दाब सोसायचं नाही. ब्रेकला जोड चालत नाही, शेठ."

त्याने पान तोंडात घातलं आणि म्हणाला, "तुला जमत नसेल तर तसं सांग. मालेगावचा मिस्त्री बोलावतो."

नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर 'जमत नसेल' हे दोन शब्द मला जास्त झोंबले. मी म्हणालो, "जमेल."

मी जोड दिला. असा दिला की पाहणाऱ्याला कुठे तांबं संपतं नि लोखंड सुरू होतं ते बोट फिरवूनही कळू नये. ब्रेकचं तेल त्या दिवसांत मिळत नव्हतं. एरंडेलात स्पिरिट मिसळून आम्हीच करायचो. ते भरलं. मग पाइपातली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी, तेलाची बाटली धरून. आबा वर बसले.

मी खालून म्हणायचो, "दाबा. धरा. सोडा." आबा तसं करायचे. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले तेव्हा मी स्क्रू आवळला.

"टिकी ना?" आबांनी वरूनच विचारलं.

"टिकेल."

"तू करेल शे, मंग माले काय इचारनं." ते उतरले, धोतर झटकलं आणि गाडी घेऊन गेले.

घाटात जपून जा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. ते म्हणालो नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे माझा जोड कच्चा आहे हे कबूल करणं होतं.

साधारण तीन आठवडे जोड टिकला. मग एका सकाळी मालेगावहून येताना लळिंगच्या घाटात, उतार लागल्यावर, आबांचं पेडल एकदम तळाला गेलं. गाडीत नऊ उतारू. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. हातब्रेक नावालाच होता. आबांनी गियर खाली ओढायचा प्रयत्न केला, तो बसला नाही. तेव्हा त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि खडकाला घासत घासत आणली, स्वतःची बाजू खडकाकडे ठेवून. गाडी उभी राहिली. एका म्हातारीचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. आबांचा उजवा पाय दरवाजाच्या पत्र्यात सापडून गुडघ्याखाली चुरला.

फौजदाराने जागेवर पंचनामा केला. त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं. उतारूंनी सांगितलं, ड्रायव्हरने उतारावर गाडी फार जोरात आणली. त्यांनी खोटं सांगितलं नाही. गाडी जोरातच आली होती. मोटारींची तपासणी करणारा साहेब नाशिकहून यायचा होता, त्याला आठवडा लागणार होता. तोवर गाडी ओढून आमच्याच कारखान्यात आणून ठेवली.

चौथ्या दिवशी शेठने मला बोलावलं. टेबलावर पाइपाचं नवंकोरं वेटोळं होतं. मुंबईहून माणूस पाठवून आणलं होतं. लढाई चालूच होती, पण पाइप मिळाला होता.

"सगळे बदल," शेठ म्हणाला. "नीट बदल. आणि साहेब विचारेल तेव्हा सांग, दोन महिन्यांपूर्वीच बदललेत."

"आबांचं काय होईल?"

"त्याचा पाय गेलाच आहे. आता तुझं आणि माझं बघायचं."

मी दोन दिवस त्या गाडीखाली होतो. जुने पाइप काढताना बोटांत चुरत होते. माझा जोड मधोमध उकलला होता. तो मी काढून फडक्यात बांधला आणि शेठच्या सांगण्यावरून भट्टीत टाकला. नवा पाइप मापाने कापला, वाळू भरून वाकवला म्हणजे कुठे चपटा होऊ नये, त्याची तोंडं ठोकून फाकवली, प्रत्येक ठिकाणी चौकटीला पट्टीने बांधला, चाकाच्या वाटेतून दूर ठेवला. पेट्रोलचा पाइपही टाकीपासून इंजिनापर्यंत एकसंध घातला. इतकं चोख काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि पुढे केलं असेन तर मला आठवत नाही. हवा काढायला पेडलवर शेठ स्वतः बसला. "दाबा," मी म्हणालो. त्याने दाबलं. "धरा." त्याने धरलं. "सोडा." त्याने सोडलं.

शेवटी शेठ खाली वाकून बघत म्हणाला, "फार चकाकतायत."

मग मी काळं तेल आणि रस्त्यावरची माती कालवली आणि त्या नव्या पाइपांना चोळली, दोन महिन्यांची वाटावी इतकी.

साहेब आला. वाकून बघितलं. मग आत बसून पेडल दाबलं. ते दगडासारखं घट्ट होतं. त्याने मला विचारलं, "पाइप कधी बदलले?" मी सांगितलं. जबाबाखाली सही केली. सही करताना हात थरथरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. सही चांगली आली.

आबांनी दवाखान्यात पडल्या पडल्या जबाब दिला होता की पेडल रिकामं गेलं. साहेबाच्या अहवालाने ते खोटं ठरलं. त्यांचं लायसन कायमचं रद्द झालं. पाय कापावा लागला. मी दवाखान्यात गेलो नाही.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी मी सोनगीरला गेलो. आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. कुबडी भिंतीला टेकलेली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, दारात धान्य पाखडत होती. आबांनी मला बसायला सांगितलं. रागाचा एक शब्द नाही. दोर वळता वळता म्हणाले,

"एक गोष्ट खरी सांग. पेडल खाली गयं व्हतं का नही? बठ्ठा लोक म्हनतस, ब्रेक चांगला व्हता. मी रोज तोच इचार करस. मीच काय चुकनू का? क्लच दाबा का काय मी?"

मला वाटलं होतं, ते मला ओळखून असतील, मनात शिव्या घालत असतील. ते तर स्वतःवरच संशय घेत बसले होते. माझ्या शब्दावर इतका विश्वास, की आपल्या पायाला जे कळलं तेच त्यांना खोटं वाटू लागलं होतं.

मी सगळं सांगितलं. जोड, नवं वेटोळं, भट्टी, माती. अक्काचं सूप थांबलं.

आबांनी डोळे मिटून घेतले. "म्हंजे मी नही चुकनू," ते म्हणाले. चेहऱ्यावर क्षणभर सुख दिसलं, आणि मला ते बघवेना.

अक्का म्हणाली, "हाई तठे साहेबसमोर सांगनं व्हतं, भाऊ. आठे काय सांगतस?"

आबांनी तिला हाताने थांबवलं. "आते लायसन नको माले. गावमा कोनी मन्हा शब्द धरत नही. चावडीवर चार मानसंसमोर इतलंच सांगी दे, ब्रेक गया व्हता."

"येत्या बाजाराच्या दिवशी येतो," मी म्हणालो.

मी गेलो नाही. त्या बाजाराला नाही, पुढच्याही नाही. चार माणसांत सांगितलं की ते शेठच्या कानावर जाणार, मग फौजदाराच्या, मग माझी सही पुढे येणार, असा हिशेब मी करत राहिलो. वर्ष संपायच्या आत नोकरी सोडून जळगावला गेलो आणि तिथे स्वतःचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चाललं. यावल-फैजपूरकडच्या केळीच्या बागायतदारांच्या मोटारी माझ्याकडे येत, आणि ब्रेकचं काम माझ्याच हातचं हवं म्हणून लोक थांबून राहत.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीनंतर, मी पुन्हा सोनगीरला गेलो. घराला कुलूप होतं. शेजारी एक माणूस गाय बांधत होता. आबा मागच्या उन्हाळ्यात वारले, अक्का माहेरी गेली, असं त्याने सांगितलं. आणि आपणहून पुढे म्हणाला, "गाडी जोरमा हाके तो. म्हनीसन तशी गत व्हयनी."

"नाही," मी म्हणालो. "ब्रेक गेला होता. पाइप फुटला होता. मी मिस्त्री होतो त्या गाडीचा, माझा जोड होता तो. आबांची काही चूक नव्हती."

त्याने गाठ मारून होईपर्यंत ऐकून घेतलं. "असं शे का," तो म्हणाला, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.