मंडळाची खोली आणि तीस मोटरी

१९ जानेवारी १९८६, रविवार. विषय: सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला ठेवलेले दोनशे पंचाहत्तर रुपये. हजर: आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि दारात उभी माझी मुलगी.

ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती आणि तिच्या वर्गातले काही जण शाळकरी मुलांकडून विज्ञानाचे प्रयोग करून घेत, पण कायमची जागा नव्हती. तिला दर रविवारी सकाळी मंडळाची खोली हवी होती. तिथे कॅरम चाले.

"पोरांना व्हिडिओ पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "तुझं सायन्स बघायला कोण थांबणार गं?"

"काका, एक दुपार द्या. पोरं उठून गेली तर पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही."

"आणि थांबली तर?"

"तर रविवारी खोली आमची."

सेक्रेटरींनी तसंच लिहून घेतलं. दुपार मुलीची, रात्र व्हिडिओची. सामानाला पन्नास रुपये.

अध्यक्ष जुने गिरणीतले फिटर. कार्यक्रमाला विरोध त्यांचाच होता. पण एकदा ठरल्यावर तो फसलेला त्यांना चालणार नव्हता. प्रत्येक मुलाकडून सेलवर फिरणारी छोटी मोटर करून घ्यायची होती; तिच्यासाठी तांब्याच्या तारेवरचं वार्निश खरवडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मुलीने सांगितलं होतं, गुंडाळीचं एक टोक पूर्ण खरवडा, दुसऱ्या टोकाची एकच बाजू.

सव्वीस तारखेला तीस मुलं अंगणात ओळीने बसली. प्रत्येकापुढे एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तारेची गुंडाळी. सगळ्यांनी जोडणी केली. गुंडाळ्या थरथरल्या, मागेपुढे झुलल्या, थांबल्या.

"ताई, ही नुसती नाचतेय!"

"वाट लागली. चल रे, पतंग उडवू."

मागच्या ओळीतले चारजण उठलेसुद्धा. मुलीचा मित्र पुटपुटला, "सेल डाऊन असतील." तिने एक गुंडाळी उन्हात धरली. दोन्ही टोकं चकचकीत तांबडी.

"काका, दुसऱ्या टोकाची एकच बाजू सांगितली होती ना?"

"अर्धवट काम माका जमाचा नाय," अध्यक्ष ताठ मानेने आपल्या मालवणीत म्हणाले. "घासूक घेतलंय तर पुरा घासतलंय."

ती चिडली नाही. उठलेल्या चौघांकडे वळून तिने विचारलं, "झोपाळा पुढे जाताना धक्का दिला तर?"

"वर जातो."

"आणि मागे येत असताना दिला तर?"

"थांबतो."

"आपण तेच करतोय. वीज अर्धा फेरा ढकलते. पुढच्या अर्ध्यात तिला बंद करायला हवं, म्हणून अर्धं वार्निश ठेवायचं. आता ते गेलंय, तर परत लावू. नेलपॉलिश आहे का कुणाकडे?"

चौघे परत बसले. शेजारच्या वहिनींनी लाल बाटली आणून दिली. दुसरी मिळाली नाही, म्हणून ती एकच ओळीत फिरली. अध्यक्षही चष्मा लावून मांडी घालून बसले आणि एकेका टोकाची एक बाजू रंगवू लागले.

"काका, नवरी कुठली?" वहिनींनी विचारलं.

"गप गो! हात हालता माझो."

रंग सुकायला मुलं फुंकर घालत बसली. पहिली गुंडाळी फिरली ती पुढच्या ओळीतल्या मुलीची. मग शेजारची, मग एकदम सात-आठ. ज्यांच्या फिरत नव्हत्या ते आता उठायला तयारच नव्हते. ताईला हाका मारमारून त्यांनी तिचा घसा बसवला. व्हिडिओवाला टीव्हीची हातगाडी घेऊन आला, त्याला फाटकापाशी पाऊण तास थांबावं लागलं.

अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी खोलीची किल्ली माझ्या मुलीकडे दिली आणि कॅरमवाल्यांना रविवारी सकाळी बोर्ड गॅलरीत न्यायला सांगितलं. भाडं काही नाही.

व्हिडिओवाल्याला दोनशे पंचवीस दिले. संपलेल्या नेलपॉलिशचे आठ रुपये मी मंडळाच्या खर्चात धरत होतो. अध्यक्षांनी मला अडवलं आणि स्वतःच्या खिशातून काढून ते वहिनींना दिले.