दाजींच्या ट्रकचा बेल्ट

मामांना पाय आहेत की नाहीत, यावर बाजारात एकदा पैज लागली होती. लागणारच! गेली चौतीस वर्षं लोकांनी त्यांना कमरेपर्यंतच पाहिलेलं. ट्रकच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान म्हणजे एक लांबलचक लाकडी काउंटर, त्याच्यामागे छतापर्यंत खुंट्या, खुंट्यांवर रांगेनं लटकलेले काळे बेल्ट, आणि त्यांच्या मधोमध मामा. सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे. मधल्या वेळात गिऱ्हाईक कितीही गयावया करो, गाडी अगदी दारात उभी असो, मामा काही काउंटरबाहेर यायचे नाहीत. "गाडी बघायची मला गरज काय?" म्हणायचे. "कुठली ते सांगा, बास."

आणि खरंच, सांगितलं की झालं. गाडीचं नाव, साल आणि इंजिन एवढं कानावर पडायचा अवकाश, मामा डोळे मिटायचे आणि नंबर सांगायचे. मग हात वर करून, न बघता, खुंटीवरून नेमका तोच बेल्ट खाली घ्यायचे. कंपनीचा जाडजूड कॅटलॉग त्यांच्याकडे होता, नाही असं नाही. तो स्टुलावर असायचा आणि त्याच्यावर मामा बसलेले असायचे. 'मामा' हे नाव मुळात त्यांच्या थोरल्या ताईच्या दोन मुलांनी दिलेलं. ती लहानपणी दुकानात येऊन इतकं मामा-मामा करायची, की बाजारानंही तेच उचललं. पुढे तर मामांपेक्षा वयानं मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणू लागली.

तर अशा या मामांच्या दुकानात एका सकाळी दहा वाजता दाजी आले. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. हातात तुटलेला फॅन बेल्ट, मेलेला साप धरावा तसा दोन बोटांत धरलेला.

"आजच तुटायचं होतं मेल्याला," दाजी म्हणाले.

आज का, ते मामांना ठाऊक होतं. दाजींचा डिझेल ट्रक सव्वीस वर्षांचा. संध्याकाळी पाचच्या आत तो तपासणी केंद्रावर उभा करायचा होता. मुदत दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. पास झाला तर आणखी दोन वर्षं रस्त्यावर, नाहीतर सरळ भंगारात. भंगारवाला आधीच दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता. आणि बेल्टशिवाय ट्रक तिथवर जाणार कसा? दोन मैलांत इंजिन तापून उकळलं असतं.

"ही गाडी गेली तर मी काय करू रे?" दाजी म्हणाले. "घरात बसलो तर तुझी ताई दोन दिवसांत मला हाकलेल."

"दोन दिवस थांबेल?" मामा म्हणाले. "चाळीस वर्षं संसार केलात, पण ओळखलं नाहीत तिला."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. "तेरा बाय अकराशे पंचवीस," म्हणाले. तेरा म्हणजे रुंदी, अकराशे पंचवीस म्हणजे लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. बेल्ट काउंटरवर आपटला. "अर्ध्या तासात बसवा आणि चहाला या."

अर्ध्या तासात दाजी आले खरे, पण चहाला नव्हे. "आखूड पडतोय."

"आखूड? आल्टरनेटरचा बोल्ट सैल केलात का? आत ढकललात का त्याला?"

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"चालवताय हो. मी बसवण्याबद्दल विचारतोय."

दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते तोंड फिरवून बाकावर बसले. ती संधी साधून मामा स्टुलावरून उठले, फडक्यानं उगीचच धूळ झटकली आणि कॅटलॉग उघडला. किती वर्षांनी उघडला देव जाणे, पानं एकमेकांना चिकटली होती. त्या मॉडेलसमोर छापलं होतं: तेरा बाय अकराशे पंचवीस. म्हणजे मामांना पटलं होतं, कंपनीला पटलं होतं, पटत नव्हतं ते फक्त ट्रकला.

खरं सांगायचं तर मामांना आतून धाकधूक होती, आणि ती आजची नव्हती. मागच्या महिन्यात त्यांनी ऑइलवाल्याला एकच गंमत एकाच दिवशी दोनदा सांगितली. ऑइलवाला सज्जन, दोन्ही वेळा हसला. पण दुसऱ्यांदा तो जरा लवकर हसला, आणि ते मामांच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

मग घाबरलेल्या माणसानं करू नये ते त्यांनी केलं. मामांच्या डोक्यामागे एक पाटी होती, त्यांनीच रंगवून घेतलेली: 'जुना बेल्ट मोजून नवा मागू नये. जुना बेल्ट ताणलेला असतो.' या पाटीखाली उभं करून त्यांनी किती गिऱ्हाइकांची हजेरी घेतली असेल, मोजदाद नाही. त्याच पाटीकडे पाठ करून मामांनी मुकाट्यानं टेप काढला आणि दाजींचा तुटका बेल्ट मोजला. त्याच्यावरचा नंबर केव्हाच झिजून गेला होता. लांबी भरली बाराशे.

"हा न्या," ते म्हणाले. "गाडी जुनी झाली की मापं बदलतात." असलं काही नसतं हो! पण बोलले.

दीड वाजता दाजी परत आले. "सैल आहे. चालू केली तर अशी किंचाळली, की शेजारच्या वखारीतली माणसं बाहेर धावत आली." या वेळी ते चिडले नाहीत. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "राहू दे रे मामा. भंगारवाल्याला फोन करतो. त्याचं तरी भलं होऊ दे."

दाजी चिडले असते तर मामांना चाललं असतं. तोंडाला तोंड देण्यात ते कधी कमी पडले नव्हते. पण हे मवाळ बोलणं त्यांना सोसेना. त्यांनी सुतळीचं बंडल खिशात टाकलं, काउंटरची फळी वर उचलली आणि बाहेर आले.

फळीच्या बिजागऱ्या अशा करकरल्या, की समोरचा टायरवाला मान वर करून बघायला लागला. "अहो, पाय आहेत!" तो ओरडला. "दोन्ही आहेत!" मामांनी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्याकडे न बघता दाजींच्या पाठोपाठ चालू लागले.

ट्रक वखारीच्या मागे उभा होता. मामांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि सुतळी पुलीवरून घेत घेत, मापासाठी बेल्टच्या तिन्ही चाकांना वेढा घालायला लागले. आल्टरनेटरशी आल्यावर थांबले. त्याची पुली नेहमीपेक्षा चांगली मोठी होती, म्हणजे बेल्टही लांब लागणार. "दाजी, हा आल्टरनेटर या गाडीचा नाहीच! कुठल्या गाढवानं बसवला?"

"झाली की दहा-बारा वर्षं," मागचे दिवे पुसता पुसता दाजी ओरडले. "गाढवाचं नाव लक्षात नाही."

मामा सुतळीची गाठ मारायला गेले आणि त्यांचं डोकं बॉनेटवर आपटलं. वर्षानुवर्षांच्या तेलाची आणि धुळीची एक खपली गळून खाली पडली. तिच्या जागी पिवळा रंग दिसला. मामांनी रुमालानं पुसलं. आणखी पुसलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'बेल्ट १३ बाय ११७५. आल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा आहे. दाजी विसरतात म्हणून लिहून ठेवलं. मामा.'

अक्षर त्यांचंच, खाली सहीसुद्धा. पाहत राहिले तरी काही क्षण काहीच आठवेना, आणि त्या काही क्षणांत मामांना खरोखर भीती वाटली. मग हळूहळू एकेक गोष्ट येत गेली: भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी जळालेला आल्टरनेटर, दुकानात पडून असलेला दुसरा, 'बसतो हो, बिनधास्त बसवा' असं आपलंच बोलणं, टायरवाल्याकडून मागून आणलेला ब्रश. म्हणजे त्या दिवशीही ते काउंटरबाहेर आले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गाढवाचं नाव मात्र आता मिळालं होतं.

दाजी अजून मागेच होते. मामांनी पटकन इंजिनावरचं काळं ग्रीस तळहातावर घेतलं आणि अक्षरांवर फासलं. मग दोन पावलं मागे येऊन डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तेरा बाय अकराशे पंचाहत्तर!"

"आत्ता आठवलं?" दाजी म्हणाले.

"डोकं आहे ते. तापायला वेळ लागतो, तुमच्या इंजिनासारखा."

अकराशे पंचाहत्तरचा एकच बेल्ट दुकानात होता, अगदी वरच्या खुंटीवर. तो असा बसला, की दाजींनी त्याला प्रेमानं थोपटलं. "वाटेत काही झालं तर?" म्हणून त्यांनी मामांनाही शेजारी बसवलं. पावणेपाचला ट्रक केंद्राच्या फाटकातून आत शिरला.

तपासणीला एक तरुण बाई होत्या. हातात टॉर्च, कपाळावर आठी. दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून स्वतःच दचकल्या. मग बॉनेट उघडलं आणि टॉर्च वर धरला.

"हे ताजं ग्रीस कशाला फासलंय? तडा झाकलाय का?"

"नाही, नाही!" मामा इतक्या घाईनं म्हणाले, की बाईंचा संशय पक्का झाला. त्यांनी फडकं घेतलं, खसाखसा पुसलं आणि टॉर्चच्या उजेडात मोठ्यानं वाचलं, "...दाजी विसरतात म्हणून लिहून ठेवलं. मामा." त्यांनी वळून विचारलं, "हे मामा कोण?"

मामा आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले. दाजींनी बॉनेटवरची अक्षरं पाहिली. मग त्यांनी मामांचा काळाकुट्ट तळहात पाहिला.

"हा माझा मेहुणा," ते बाईंना म्हणाले. "याच्या सगळं लक्षात असतं, बाई. विसरभोळा मी. म्हणून बिचाऱ्याला लिहावं लागलं."

"चला, घरात कुणीतरी लिहून ठेवतंय," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. कागदावर शिक्का बसला. दोन वर्षं!

परतीच्या वाटेवर मामा खिडकीबाहेर बघत हात पुसत होते, ग्रीस काही निघत नव्हतं. दुकानाची गल्ली जवळ आली तेव्हा म्हणाले, "दाजी, ताईला सांगू नका."

"काय सांगू नको?"

"तेच. बॉनेटमधलं."

दाजींनी गिअर बदलला, आरशात बघितलं, वळणावर हॉर्न दिला. "बॉनेटमधलं काय?" ते म्हणाले. "मला कुठलं आठवतंय? मी विसरतो ना, मामा."