चुना उचलणार नाही!

एरंडोलजवळच्या आमच्या गावाला खेटून लगद्याचा कारखाना आहे. तिथे लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोड्यात शिजवून कागदासाठी लगदा काढतात. उरतं काळं पाणी. ते आटवून भट्टीत जाळलं की त्यातला सोडा परत मिळतो, पुन्हा वापरता येतो. भट्टी कारखान्यात आहेच. साहेब तपासणीला आले की पेटते, साहेब जेवून गेले की विझते. मग काळं पाणी नाल्यात आणि नाल्यातून आमच्या विहिरीत. प्यायचं पाणी चहाच्या रंगाचं, तेही बिनसाखरेचं!

मी पत्रक काढलं : ‘कारखान्याकडून काहीही घेऊ नका!’ माझा रोख कारखान्याच्या शेठने वाटलेल्या भिंतीवरच्या घड्याळांवर होता. घड्याळं एकानेही परत केली नाहीत. गावाने बंद केला तो चुना.

सोडा तयार करताना चुन्याचा पांढरा गाळ निघतो. आमच्या बाया तो फुकट आणतात, धुतात आणि डिंक घालून आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, घरं पोतारतात. आखाजीला लेकी माहेरी येतात. काळवंडलेली भिंत म्हणजे आईची अब्रू गेली.

आत्याने मला ओट्यावरच धरलं. "पोर येणार शे, जवाई येणार शे. भितले आते तुना कागद चिटकाडू का?"

"आत्या, मी चुन्याबद्दल बोललोच नव्हतो."

"लिखं तूच ना? आते बठ्ठं गाव ऐकी ऱ्हायनं तं रडस काब्रं?"

जन्मात पहिल्यांदा गावाने माझं पत्रक पाळलं, आणि शिव्या मलाच!

तिकडे चुन्याचा ढीग वजनकाट्यापर्यंत सरकला. लाकडाचे ट्रक वळेनात. शेठने मला बोलावून घेतलं. मी काही भलतंच कबूल करू नये म्हणून आत्याही मागे आली. सरबत आलं. मी तत्त्व म्हणून ग्लासाला हात लावला नाही. आत्याने दोन्ही ग्लास संपवले.

"भाऊ, चुना तरी उचला. सण आहे," शेठ म्हणाला.

"आधी काळं पाणी भट्टीत जाळा."

"अरे, भट्टी चालली की सोडा जास्त बनणार, चुना आणखी निघणार. तो कोण उचलणार?"

याचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. म्हणून मी भांडवलशाहीपासून सुरुवात केली. आत्याने मला गप्प बसवलं.

"आम्ही उचलसूत. पन भट्टी बंद तं चुना बंद. आन ट्रॅक्टर तुमना."

"ट्रॅक्टरसुद्धा मीच द्यायचा?"

"मंग ऱ्हाऊ द्या ढीग. चांगला दिखस."

खिडकीबाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत अडकून पडला होता. शेठने नाल्याची झडप बंद करायला माणूस पाठवला. धुराड्यातून धूर निघेपर्यंत आत्या खुर्चीतून हलली नाही.

विजयसभा घ्यायची म्हणून मी ढिगावर चढलो. ‘बंधू-भगिनींनो’ म्हणेपर्यंत बायांनी फावडी लावली होती. "सरक भाऊ, तुना पायखालना चुना बारीक शे!" मी खचत खचत जमिनीवर आलो, पण भाषण सोडलं नाही.

विहीर अजून पुरती निवळलेली नाही, हे मी ठणकावून सांगतो. पण हल्ली धूर थांबला की ट्रॅक्टर फाटकातून रिकामाच माघारी फिरतो, आणि शेठचा फोन मला नाही, आत्याला येतो.