कवेलू फेरायला मीच चढले

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि आमच्या गावात दिवसा पुरुषमाणूस दिसेनासा झाला. शहर सायकलच्या अंतरावर, सगळे सकाळीच तिथल्या बांधकामांवर जात. माझा नवरा त्याआधीच रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांचा माल नेणाऱ्या एका ट्रकवर लागला होता. सुरुवातीला सणाला यायचा, मग येईनासा झाला. घरात सासूबाई, मी आणि शाळेत जाणारी पोरगी. धान, गाय, चूल, पाणी, सगळं माझ्यावर आलं. हात कामात असले तरी कान रस्त्याकडेच असायचे.

त्या उन्हाळ्यात माकडांनी छपरावरचे मातीचे कवेलू पार फोडून टाकले. दरवर्षी फुटके बदलून ते फेरून देणारा शेजारी आता राजधानीत सळया बांधत होता. "रविवारी येतो, भाभी," म्हणायचा. रविवार येत आणि जात. आभाळ भरून यायला लागलं तसं मला घरात बसवेना. एका सकाळी पदर खोचला आणि शिडी लावली.

सासूबाई अंगणात धावत आल्या. "बाईमाणूस घरावर चढते का? माझा पोरगा जित्ता हाये अजून!"

"मग काहून नाही येऊन राहिला?" मी वरूनच विचारलं.

हे आजवर घरात कोणीच बोललं नव्हतं. त्या ओट्यावर बसल्या. पोरगी तेवढी शिडीपाशी येऊन म्हणाली, "मम्मी, मैं खपरा देती हूँ."

फुटके काढत, नवे बसवत मी सरकत होते. तेवढ्यात एक ट्रक वळणावर थांबला. माझा हात थांबला. सासूबाईही उभ्या राहिल्या. ड्रायव्हर उतरला, हापशीवर पाणी प्यायला.

"तो नाही," मी म्हणाले.

त्या ओट्यावरून उतरल्या. मग शिडीशी आल्या आणि नातीच्या हातातले कवेलू घेतले. "पोट्टीले जमत नाही. अन् तू पाय पाहून ठेव. तुले काही झालं तं आमचं कोण हाये?"

पुढचा कवेलू घ्यायला मी हात खाली केला.

पावसाळ्यात चुलीच्या वर एका जागी गळलंच. सासूबाईंनी तिथं परात ठेवली. उघडीप पडताच मी परत चढले, तेव्हा त्या खालून गळकी जागा काठीनं ठोकून दाखवत होत्या.