अकराचा ताळा

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं. मामा आमच्या गावात मास्तर होता आणि मेहकरच्या वसतिगृहातली माझी जागा त्याने स्वतःच्या पोराला दिली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गावच्या जमीनदाराने एका हुशार मुलाचा तिथला खर्च पत्करला होता. शेवटी आम्ही दोघे उरलो, मी आणि मामेभाऊ. जमीनदाराच्या ओसरीवर मामाने गुणाकार घातला, ७६४३ गुणिले ५८७६. आम्ही दोघांनी पाट्या एकदमच खाली ठेवल्या. माझं उत्तर ४,४९,१०,२६८. त्याचं ४,४१,९०,२६८. नऊ आणि एक यांची त्याने अदलाबदल केली होती.

मामाने आधी पोराची पाटी उचलली आणि नवाचा ताळा लावला, म्हणजे अंकांची बेरीज करत एका अंकावर आणली. दोन्ही आकड्यांच्या बेरजा गुणून सात आले, उत्तराचेही सात.

"जमला ताळा! पोरगं पास."

"मामा, माहाबी सातच येते," मी ओरडलो.

येणारच. अंक तेच असले तर जागा बदलून बेरीज कशी बदलेल? जागेची चूक नवाला दिसत नाही, अकराला दिसते. त्यात उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा; शून्याखाली गेलं तर अकरा मिळवायचे, अकराच्या वर गेलं तर अकरा काढायचे. खऱ्या उत्तरात सात उरायला हवेत. माझ्यात सात उरत होते, त्याच्यात एक. आणि हा ताळा मला शिकवला होता याच मामाने, त्याच्या म्हशींचं शेण माझ्याकडून काढून घेतल्यावर.

"अकराचा लावा ना, मामा!"

"अकराचा कोन्ता ताळा असते बे? याचा पहिले जमला, झालं."

जमीनदार हसला. "मास्तर, तुमचा भाचा तं उत्तराचाबी भाव करून राह्यला! आटपा, मले भूक लागली."

मी पाटी पुढे केली. मामाने कानफटात मारली आणि धोतराच्या सोग्याने माझं उत्तर पुसून टाकलं. घरी गेल्यावर आईने त्याच्या पाया पडायला लावलं. "माहा भाऊ चुकन काय?" म्हणाली.

त्याच वसतिगृहाच्या फाटकासमोर मी वांगी विकली. मामेभाऊ येता-जाता मान वळवायचा. पुढे मी स्वतःचं दुकान काढलं, ते कोणाच्या मेहेरबानीने नाही.

मामा आता अंथरुणावर आहे. मी जातो, खाटेजवळ बसतो, ते दोन आकडे सावकाश म्हणतो आणि सांगतो, लावा ताळा. तो भिंतीकडे तोंड करतो. मामी रडते. रडू दे.

बाप बोलत नसेल तर पोराने बोलावं. मामेभाऊ आज हायस्कुलात गणित शिकवतो. त्याला माझं एवढंच सांगणं: भर वर्गात ती दोन्ही उत्तरं फळ्यावर लिही, अकराचा ताळा लाव, आणि पोरांच्या देखत सांग, मेहकरच्या वसतिगृहातली ती खाट कोणाची होती?