मेलेल्या सहा सेलांचा अहवाल

आमच्या तलावावरच्या मासेमारांच्या हक्कासाठी मी पत्रकं लिहायची. 'लपवलेले आकडे दाखवा' हे माझं ठरलेलं वाक्य. पुढे भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात चांदी-जस्ताच्या बॅटरीवर संशोधन करायला लागले. ही बॅटरी हलकी आणि दमदार असते, पण पुन्हा पुन्हा चार्ज केली की आत जस्ताच्या सुया वाढतात, मधला पडदा फोडतात आणि सेल मरतो. आम्ही नवा पडदा बनवून सात सेलांत लावला. सहा मेलेच.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "मेलेले कायले लिहून राहिली? जगला तेवढा अहवालात टाक. नाहीतर अनुदान बंद, मंग जा मासोळ्या धराले."

लपवलं तर फसलेला पडदा यशस्वी ठरणार; खरं लिहिलं तर तो सुधारायचं कामच बंद पडणार. संतापून मी बाबाला फोन लावला. तो म्हणाला, "आपल्या तलावावर जाळं रिकामं निघालं तरी काठावर सांगाच लागते, बाई. नाहीतर दुसरा तेथीच जाळं टाकून दिवस घालवते. तुमच्या शिकलेल्यांत नाही का असं?"

नाही, बाबा. आमच्यात नाही.

मी सहाही मेलेले सेल अहवालात लिहिले. सरांनी सही केली नाही आणि अहवाल परतही दिला नाही. महिना झाला, तो त्यांच्या टेबलावर पडून आहे. मी रोज जाते, नव्याने बनवलेला आठवा सेल चार्जिंगला लावते आणि सही झाली का म्हणून विचारते.